ओल्या काठावर बसणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंइतकी मान द्यायला सोपी विहीण उभ्या जालना जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. त्यांना भारी साडी लागत नाही, चांदीचं ताट लागत नाही, पंगतीत आग्रहही लागत नाही. पाण्याच्या कडेचा हातभर ओला चिखल दाखवला आणि तासभर कोणी तोंड उघडलं नाही, की त्यांचा मानपान पूर्ण होतो. त्या चिखलावर ज्या बारीक माशा बसतात, पळतात, एकमेकींशी भांडतात, त्यांच्यावर या बाईंचा जीव. नोकरीतून निवृत्त झाल्यावर कोणी प्लॉट घेतं, कोणी गुडघ्यांचे डॉक्टर बदलतं, कोणी सुनेच्या फोडणीत लक्ष घालतं. विहीणबाईंनी माशा घेतल्या. रिकाम्या माणसाला लोक माशा मारत बसलाय म्हणतात, पण विहीणबाईंना तसं म्हणायची सोय नव्हती, कारण एकही माशी त्या कोणाला मारू देत नसत.

त्या कुंभार पिंपळगावच्या. नोकरी सरकारी दवाखान्यात, रक्त तपासायची. काचेच्या पट्टीवरच्या थेंबात मलेरियाचा जंतू शोधण्यात त्यांची सगळी उमर गेली. निवृत्त झाल्या तेव्हा सूक्ष्मदर्शक दवाखान्यातच राहिला आणि बघायची सवय तेवढी त्यांच्याबरोबर घरी आली, अशी त्यांची तक्रार होती. मग मुलानं मोबाईलला अडकवायचं एक बारकं भिंग आणून दिलं. त्या दिवसापासून घरातली माणसं त्यांना मोठी आणि धूसर दिसायला लागली असावीत, कारण माणसांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही.

ही माहिती आम्हाला आधी कोणी दिली असती तर सोयरीक ठरताना आमची इतकी धांदल उडाली नसती. माझं भोकरदनला बसस्टँडच्या मागे ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, घर त्याच्याच पाठीशी. मुलीला बघायला ही मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन बोलूनही आले, आणि मुलाची आईच जागेवर नाही. शोधता शोधता मी मागच्या अंगणात गेले, तर बाई भांडी घासायच्या मोरीपाशी कमरेत वाकून उभ्या. मोबाईल भिंतीला टेकायचा बाकी होता. माझी चाहूल लागली तशी मागे न बघता म्हणाल्या, "हलू नका. तुमच्या मोरीत लई चांगली मंडळी हाय."

माझ्या मागोमाग माझे दीर आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. सकाळपासून ती मोरी मी दोनदा घासली होती. दीर म्हणाले, "पाहुणे पोरगी पाह्याला आल्ते का मोरी?"

"दोन्ही," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक माशी होती, पण माशी कसली, लोकरीचं कापड पांघरलेलं पिंपळपान. "ही मोरीतली माशी. इतकी बारीक की आपल्याला नुसता काळा ठिपका दिसतो. उडायचा हिला मोठा कंटाळा. वरून पाणी ओतलं तरी भिजत न्हाई, केस हायेत ना अंगभर." मग दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे वळून त्यांनी त्या दिवसातला एकुलता एक प्रश्न विचारला, "तुला किड्यांची किळस येते का गं?"

"येते," मुलगी म्हणाली.

"बराबर. न्हाई म्हणली असतीस तर मला पुढं तुझा भरवसा वाटला नसता."

अशी ती सोयरीक ठरली. लग्न विहारात, साधं, देणंघेणं काही नाही. दीरांचं मन मात्र पुढे वर्षभर त्या मोरीत अडकून राहिलं.

लग्नानंतर मी पहिल्यांदा विहीण म्हणून कुंभार पिंपळगावला गेले ती ठेवणीतली साडी नेसून. माझी कल्पना अशी, की पाय धुवायला पाणी मिळेल, ओटी भरली जाईल, शेजारणी बघायला येतील. विहीणबाई बसथांब्यावर आल्या त्या एका हातात काळी छत्री आणि दुसऱ्या हातात खताच्या दोन रिकाम्या गोण्या घेऊन. "इहीनबाई, चहा घरी हायेच, तो कुठं पळत न्हाई. ऊन तिरपं झालं की माशी जागा बदलती. जल्दी चला." आणि मला घेऊन त्या थेट गावाबाहेरच्या पाझर तलावावर. एक गोणी मला, एक त्यांना. ठेवणीतल्या साडीसकट मी चिखलाच्या काठावर बसले.

तिथले कायदे फार कडक. पावडर लावायची नाही. वासाचं तेल चालत नाही. बांगड्या कोपराकडे सरकवून बसायचं, शिंक आली तर पदरात जिरवायची, आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. सावली पडू देऊ नका हे शब्द आमच्या घरांत कोणी हलके घेत नाही. आजोबा-पणजोबांनी ते कोणाकडून आणि कसे ऐकले होते, हे आम्हाला सांगावं लागत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. विहीणबाईंनी आपली गोणी काठापासून वीतभर मागे ओढली. मग म्हणाल्या, "त्यांना बाट व्हायचा. ह्या माशीला फक्त वाटतं की पाखरू आलं खायला. तिची भीती खरी हाय, म्हणून पाळायची." त्यानंतर मी तो कायदा कधी मोडला नाही.

मराठीत या माशांना नावंच नाहीत, याचा विहीणबाईंना राग होता. घरमाशी, गोमाशी, चिलट, संपलं. पोळी करायला एवढे शब्द आणि माशीला तीन. म्हणून त्यांनी स्वतःच बारशी केली. हिरव्या सोन्यासारखी चमकणारी, काटकुळ्या उंच पायांची ती सोनारीण. जिचे पुढचे दोन पाय दंडासारखे फुगलेले असतात आणि जी ते उचलून समोरच्याला दाखवत बसते, ती पैलवान. ही पैलवान तांदळाच्या दाण्याहून लहान, पण तिचा तोरा बघून मला आमच्या दीरांची आठवण झाली. आणि सगळ्यांत लाडकी ती चांदतोंडी. अंगानं राखाडी, कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी, पण समोरून उन्हात धरली की तोंड चांदीच्या वर्खासारखं लखलखतं. ही ओल्या चिखलावर पळते तशीच पाण्याच्या पापुद्र्यावरही पळते. नर मादीच्या मागे मागे जातो, ती थांबली की थांबतो, वळसा घालून समोर येतो, पंख झटकतो, पुन्हा मागे जातो.

या चांदतोंडीनं विहीणबाईंची झोप उडवली होती. एकदा त्यांनी बघितलं होतं, की ती पाण्याच्या कडेला दबा धरून बसली, तोंड पाण्यात घातलं आणि डासाची वळवळती अळी बाहेर ओढून काढली. ओढली आणि खाल्ली. पण त्या वेळी त्या एकट्या होत्या, फोन पिशवीत होता. घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, आई, तुला भास झाला असेल. "भास झाला असंल तर तसं कळू द्या," त्या मला म्हणाल्या. "पण दवाखान्यात दुसऱ्या डोळ्यानं पट्टी पाह्यल्याबिगर मी रिपोर्ट सोडत नव्हते. तुमची शिलाईची नजर हाय. तुम्ही बघा." एवढ्यासाठी मला विहीण म्हणून बोलावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या खेपेला आम्ही दोघींनी तीन संध्याकाळी तिथे काढल्या. माझी साडी खराब झाली, पण अळीला कोणी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता मी पुन्हा गेले, तर गावात तापाची साथ. डेंग्यू म्हणत होते. विहीणबाईंच्या गल्लीतली एक शाळकरी मुलगी जालन्याला दवाखान्यात होती आणि तिच्या पेशी रोज कमी होत होत्या. गाव घाबरलेलं होतं. पंचायतीनं ठरवलं, की जिथे म्हणून पाणी साचलंय तिथे जळकं ऑइल ओतायचं. नाल्या, डबकी, आणि तलावाचा गावाकडचा काठ. तो काठ म्हणजे चांदतोंडीचं घर.

विहीणबाईंनी चप्पल घातली आणि मला म्हणाल्या, "चला." आम्ही सरपंचांच्या ओसरीवर. सरपंच तिशीतला, भला माणूस. लहानपणी याच बाईंनी त्याच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतलं होतं, म्हणून अजूनही त्यांच्यासमोर हात मागे घेऊन बसे.

"मॅडम, तुम्हीच नोकरीत असताना ऑइल टाकायला सांगत होता," तो म्हणाला.

"सांगत होते. नालीत टाका, डबक्यात टाका, मी बादली धरते. पण हा दिवसा चावणारा डास तलावातला न्हाई. तो घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो, रांजणात, टाकीत, कूलरमध्ये. तुम्ही तलावावर ऑइल टाकाल, गावाला वाटंल काम झालं, अन् टाक्या तशाच राहतील. वरून काठावरची माशी मरंल, जी फुकटात अळ्या खाऊन राह्यली."

"माशी डास खाती?"

"अळी खाती. मी पाह्यलंय."

"मंग मला दाखवा," सरपंच म्हणाला. त्यात त्याची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर सरपंच तलावावर आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट. विहीणबाईंनी त्याला माझी गोणी दिली आणि पांढरा रंग माशीला खुपतो म्हणून वरून स्वतःचं जुनं लुगडं पांघरायला लावलं. गावचा सरपंच लुगडं पांघरून चिखलाकाठी बसलाय हे बघायला बांधावर पाच-सहा जण जमले. त्यांनाही बसवलं. चांदतोंडी आली. एक नर, एक मादी. तो मागे, ती पुढे. त्यानं वळसा घातला, पंख झटकले. ती दोन पावलं सरकली. सरपंच खाली वाकून बघायला लागला. जरा वेळानं हळूच म्हणाला, "जोडपं हाय का?"

"अजून न्हाई. तो विचारून राह्यला, ती जागा बदलून राह्यली."

"लई वेळ झाला की."

"तिला पटलं पाह्यजे."

पाण्यात अळ्या वळवळत होत्या, काठावर माशी फिरत होती, पण कुठेतरी माशी शिंकली म्हणतात तसंच झालं. तिनं अळीकडे ढुंकून पाहिलं नाही. अंधार पडायला लागला. सरपंच उठला, लुगड्याची घडी करून त्यानं विहीणबाईंच्या हातात दिली. "मॅडम, माशीच्या लग्नाचा मामला मी पाह्यला, चांगला हाय. पण पोरगी दवाखान्यात हाय अन् लोक मला विचारून राह्यले."

"पुढच्या बाजारापर्यंत थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "तोवर गावातली एक टाकी मी तपासल्याबिगर ठेवत न्हाई. बाजाराच्या दिवशीबी नवा ताप निघाला, तर ऑइल मी सोता ओतीन."

सरपंचानं थोडा विचार करून मान हलवली.

ठरलं खरं, पण टाकी तपासणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गावात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा. ते बाया पत्र्याची टिपं, घागरी, रांजण, सापडेल त्यात भरून ठेवतात. त्या पाण्यात अळ्या होत्याच, घराघरांत होत्या. पण पाणी ओता म्हटलं तर कोण ओतणार? पहिल्याच घरात एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओता म्हणता. मंग आठ दिवस लेकरं काय पितील?" तिचं बिलकुल बरोबर होतं. विहीणबाई दारातच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इहीनबाई, सुती कापड बारीक विणीचं कोणतं? अळी अडकली पाह्यजे, पाणी गेलं पाह्यजे."

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. जुनं धोतर चौपदरी, मी सांगितलं. मग आम्ही गावभर जुनी धोतरं मागत फिरलो. शेजारच्या टिपात कापडातून पाणी गाळायचं, रिकामं टिप आतून घासायचं, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात, मग पाणी परत ओतायचं आणि तोंडाला तेच कापड बांधायचं. थेंब वाया जात नाही म्हटल्यावर बाया तयार झाल्या. मी नाडी ओवून कापडं शिवून दिली. एका घरची शिलाई मशीन ओसरीवर आणली आणि साडीचा काचा मारून मी तिथे बसले. विहीणबाई एका घरातून दुसऱ्या घरात. उन्हात त्यांचं तोंड लालबुंद झालं, पाय सुजले. जेवायला चला म्हटलं की म्हणायच्या, "ही एक गल्ली." एका घरच्या म्हाताऱ्या बाबांनी दार उघडलं नाही, तर त्या त्यांच्या पायरीवर बसून राहिल्या. शेवटी बाबांनाच शेतावर जायचं होतं म्हणून दार उघडलं.

आजारी मुलीचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. मुलीची आई त्या दिवशी जालन्याहून कपडे न्यायला आली होती. मागच्या बाजूला बंद पडलेला कूलर, त्यात तळाला पाणी. विहीणबाईंनी बॅटरी मारली आणि लगेच विझवली. पण आईनं पाहिलं होतं. आत नुसती वळवळ होती.

"यानंच झालं का माझ्या पोरीला?" तिनं विचारलं.

विहीणबाईंना खोटं बोलता येत नाही, हे मला मोरीपासून माहीत होतं. त्या खाली बसल्या, कूलरची जाळी काढली आणि म्हणाल्या, "डास उडतो बाई. कुठला कुठं गेला ते कोणालाच सांगता यायचं न्हाई, मलाबी न्हाई. ब्रश हाय का घरात? आपण दोघी घासू." दोघींनी कूलर घासला. ती बाई घासता घासता रडत होती आणि विहीणबाई तिच्याकडे न बघता तळ घासत होत्या. बाहेर आल्यावर याबद्दल गावात त्यांनी एक शब्द काढला नाही. मलाही काढू दिला नाही.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तलावावर गेलो. बघायला असं नव्हे, पाय धुवायला. विहीणबाई पलीकडच्या दगडावर पाठमोऱ्या बसून टाचा चोळत होत्या. मी काठावर टेकले होते. माझ्या हाताजवळच एक चांदतोंडी येऊन बसली. मी हलले नाही. ती पाण्याच्या रेषेवर गेली, वाकली, आणि सुईनं टाका वर ओढावा तशी तिनं एक अळी बाहेर खेचली. अळी शरीराची वेटोळी करत होती. तिनं सोडली नाही. मला हाक मारायची होती, पण हाक मारली असती तर ती उडाली असती. ती उडून गेल्यावरच मी सांगितलं.

मला वाटलं होतं विहीणबाई हळहळतील. त्यांनी पाय पाण्यातून काढले, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि दवाखान्यातल्यासारखे प्रश्न विचारले. कोणत्या बाजूनं आली, पुढचे पाय लावले का नुसतं तोंड, ओढून किती लांब नेली. मी सांगत गेले. शेवटी त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही पाह्यलं ना? बास. मंग मला भास झाला न्हवता."

बाजाराच्या दिवशी गावात नवा ताप निघाला नाही. दवाखान्यातली मुलगी काही दिवसांनी घरी आली, फार वाळलेली, पण चालत आली. सरपंचानं नाल्यांत ऑइल टाकलं, तलावाचा काठ सोडला. कापडं बांधल्यानं साथ हटली की हवा बदलल्यानं, हे मला माहीत नाही. विहीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मलाबी न्हाई. पण कापडं राहू द्या." उन्हाळ्यात तो तलाव दरवर्षीसारखा आटून भेगाळला आणि माशाही कुठेतरी गेल्या.

त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलीला पुण्यात बाळ झालं. ती आणि जावई दोघंही नोकरीवर. माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मला जाता येईना. विहीणबाई गेल्या. ज्या निश्चयानं त्या चिखलाकाठी बसायच्या त्याच निश्चयानं आता नातीला सांभाळतात. घर नवव्या मजल्यावर आहे. तिथे डासही येत नाहीत, असं मुलगी कौतुकानं सांगते.

मला त्यांचा फोन येतो तो संध्याकाळी, नात झोपली की. आधी सासूबाईंची तब्येत, मग पाऊस, मग थोडं थांबून, "केळणेला पाणी हाय का?" भोकरदनची ही नदी माझ्या दुकानापासून फार लांब नाही. एवढी वर्षं मी तिच्या पुलावरून जात होते, पण काठाला कधी उतरले नव्हते. आता दुकान लवकर बंद करते आणि उतरते. ओळखीच्या बाया पुलावरून वाकून विचारतात, काय हरवलं का. मी नाही म्हणते.

परवा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आवाज बारीक करून सांगितलं, एक सोनारीण आहे, आणि दगडाच्या कडेला चांदतोंडी दिसतेय, दोन आहेत.

"मागं मागं जाऊन राह्यला का?" त्यांनी विचारलं.

"जाऊन राह्यला."

"पंख?"

"आत्ताच झटकले."

पलीकडे लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी बोलत गेलं, मग पुन्हा शांत झालं. मला वाटलं फोन कटला.

"इहीनबाई," त्या म्हणाल्या, "ठेवू नका. नुसत्या बसा. मी हाय."

मी फोन कानाशी धरून बसून राहिले.